पाचवीच्या रात्री येणारी बाई

'दारिद्र्य त्याच्या पाचवीलाच पुजलंय' असं आपण सहज म्हणून जातो. पण पाचवीला नेमकं कोण पुजलं जातं? मूल जन्मल्यावर पाचव्या दिवशी बाळंतिणीच्या खोलीत पाटा-वरवंटा मांडतात, हळदकुंकू वाहतात, नैवेद्य दाखवतात आणि शेजारी कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. रात्री सगळे झोपले की सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं आयुष्य लिहून जाते. तिने लिहिलेलं कुणाला वाचता येत नाही आणि पुसताही येत नाही. जे तिच्या पूजेच्या वेळी घरात असेल ते जन्मभर सोबत राहतं, म्हणून दारिद्र्य 'पाचवीला पुजलेलं'.

ही सटवाई कोण, कुठून आली, आणि तिच्यासारख्या आसरा, जाखाई, म्हसोबा, वेताळ या आपल्या ओळखीच्या मंडळींचं पुराणांशी काय नातं आहे, ते या लेखात बघू. शब्दांची व्युत्पत्ती हे त्याचं एक टोक. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते दुसरं: भीतीदायक गोष्टीचं काय करायचं याची आपल्या लोककथेने एक रीत घालून दिली आहे, आणि ती रीत फार जुनी आहे.

सटवाईच्या नावात आकडा दडलेला आहे. षष्ठी म्हणजे सहावी. तिचीच सटी झाली, सटवी झाली, आणि पुढे 'आई' जोडून सटवाई. जन्मानंतरच्या सहाव्या दिवसाची ही देवता, पूजा मात्र आपल्याकडे पाचवीच्या रात्रीच होते. महाभारताच्या वनपर्वात स्कंदाची म्हणजे कार्तिकेयाची जन्मकथा आहे, तिथे स्कंदाची बायको देवसेना हिचंच एक नाव षष्ठी असं सांगितलंय. त्याच कथेत एक प्रसंग आहे. नुकत्याच जन्मलेल्या स्कंदाचं तेज पाहून इंद्र घाबरतो आणि त्याला मारायला लोकमातांना पाठवतो. त्या जातात, बाळाला बघतात आणि त्यांना पान्हा फुटतो. 'तू आमचा मुलगा हो,' असं त्याच त्याला म्हणतात.

पण कथा तेवढ्यावर त्यांना सोज्वळ करून सोडून देत नाही. पुढे या माता स्कंदाकडे मागणी करतात की आम्हाला माणसांची मुलं खायला हवीत. स्कंद म्हणतो, तुम्ही मागताय ते फार कठीण आहे, पण लोक तुम्हाला नीट नमस्कार करतील तर त्यांच्या मुलांना सांभाळा. आणि मग तोच त्यांना मुभा देतो की मुलं सोळा वर्षांची होईपर्यंत निरनिराळ्या रूपांनी त्यांना पीडा द्या. म्हणजे मुलं मारणारी आणि मुलं राखणारी शक्ती एकच. तिला हाकलता येत नाही, तिच्याशी बोलणी करावी लागतात. लस नाही, औषध नाही, आणि दर काही घरांआड एक पाळणा रिकामा होतोय, अशा काळातल्या आईच्या जागी स्वतःला ठेवून ही कथा वाचली की तिच्यातला कळवळा जाणवतो. पाचवीची रात्र जागून काढणाऱ्या बाईला 'का?' या प्रश्नाचं उत्तर नको असतं. त्या रात्री हाताला काहीतरी काम हवं असतं. पाटा मांडणं, दिवा लावणं, कोरा कागद ठेवणं हे ते काम.

याच रीतीचं सगळ्यात विलक्षण उदाहरण आपल्या भिंतीवर आहे. श्रावणात अनेक घरांत देवघराजवळ जिवतीचा कागद लावतात. त्यावर नरसिंह, कालियामर्दन करणारा कृष्ण आणि बुध-बृहस्पती असतात, आणि त्यांच्याबरोबर लेकुरवाळ्या बायका, मांडीवर मूल, अवतीभोवती मुलं. या जरा-जिवंतिका. श्रावणातल्या दर शुक्रवारी आया मुलांना ओवाळतात, जिवतीकडे त्यांचं आयुष्य मागतात. यातलं 'जरा' हे नाव वाचून कधी थबकला आहात का?

जरा ही महाभारताच्या सभापर्वातली राक्षसी. मगधाचा राजा बृहद्रथ, त्याला काशीच्या राजाच्या दोन जुळ्या मुली दिलेल्या, मूल मात्र नाही. चंडकौशिक ऋषींनी त्याला एक आंबा दिला. राजाने दोघींना समान मान द्यायचं वचन दिलं होतं, म्हणून आंबा अर्धा अर्धा वाटला गेला आणि दोघींच्या पोटी मुलाचं अर्धं अर्धं शरीर जन्मलं. घाबरून त्यांनी दायांकरवी ते दोन तुकडे चव्हाट्यावर टाकून दिले. रक्तमांस खाणारी जरा तिथून जात होती. न्यायला सोपं पडावं म्हणून तिने ते तुकडे एकत्र धरले आणि ते सांधले गेले! मूल जिवंत झालं आणि मेघ गडगडावा तसं रडू लागलं. आवाज ऐकून राजवाड्यातली माणसं धावत आली, पान्हा दाटलेल्या त्या दोन्ही आयाही आल्या. जरेला मूल उचलून पळता आलं असतं, खाता आलं असतं. तिने ते राजाला परत दिलं. जरेने सांधला तो जरासंध.

इथपर्यंतची कथा बऱ्याच जणांना ठाऊक असते. ठाऊक नसतं ते पुढचं. जरा राजाला सांगते की मी घराघरात राहणारी आहे. जो मला तरुण रूपात, पुष्कळ मुलांनी वेढलेली अशी भिंतीवर चितारील त्याच्या घरी भरभराट होईल. तुझ्या घरच्या भिंतीवर माझं असं चित्र आहे, तिथे माझी पूजा होते, त्याची फेड म्हणून मी हे मूल देतेय. राजा तिच्या नावाने मगधात मोठा उत्सव करायची आज्ञा देतो.

मुलांनी वेढलेली बाई, भिंतीवर चितारलेली. महाभारतातलं ते वर्णन आणि आपल्याकडचा जिवतीचा कागद शेजारी शेजारी धरून बघा. मधे दोन हजार वर्षांच्या आसपास काळ गेला, राज्यं गेली, भाषा बदलल्या, हाताने काढलेल्या चित्राच्या जागी छापखान्यातला कागद आला. चित्र तेच आहे. ज्या दिवशी मला हे उमगलं त्या दिवसापासून तो पिवळट कागद मला साधा दिसलेला नाही.

जरेची कथा मगधाच्या राजधानीतली, म्हणजे आजच्या राजगीरची. तिथलीच दुसरी एक कथा बौद्ध परंपरेने जपली आहे. हारीती नावाची यक्षिणी राजगृहातली मुलं पळवून खात असे. तिची स्वतःची मुलं पाचशे. बुद्धाने त्यातलं सगळ्यात धाकटं लपवून ठेवलं. ती वेड्यासारखी शोधत बुद्धाकडे आली तेव्हा त्याने विचारलं, पाचशेतलं एक गेलं तर तुझी ही अवस्था, मग ज्यांचं एकच होतं त्यांचं काय? हारीतीने मुलं खाणं सोडलं आणि ती मुलांची राखणदारीण झाली. अजिंठ्याच्या २ क्रमांकाच्या लेण्यात मुख्य गाभाऱ्याच्या बाजूच्या दालनात ती आपला नवरा पंचिक याच्यासोबत बसलेली आहे. अजिंठ्याला गेलात तर बुद्धमूर्ती पाहून घाईने बाहेर पडू नका, तिच्यासमोर थोडं थांबा.

मारणारीला आई करायचं, अशी ही रीत. मराठीने ती नावांतच मुरवून टाकली. आई, बाई, अक्का, बा हे घरातले शब्द आपण नेमके ज्यांची भीती वाटते त्यांना लावले. पटकीच्या साथीची मरीआई झाली. अंगावर फोड आणणाऱ्या, जीव घेणाऱ्या, वाचलेल्याच्या चेहऱ्यावर व्रण ठेवणाऱ्या रोगाला तर आपण सरळ 'देवी' म्हटलं, तेही आदरार्थी अनेकवचनात: 'देवी आल्या'. १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हा रोग जगातून नाहीसा झाल्याचं जाहीर केलं, पण मराठीत तो आजही देवीचा रोग आहे आणि जुन्या माणसांच्या दंडावरची खूण देवीची लस टोचल्याची. समुद्रमंथनातून लक्ष्मीच्या आधी वर आलेली तिची थोरली बहीण ज्येष्ठा, म्हणजे अलक्ष्मी, हिला आपण अक्काबाई म्हणतो. घरावर संकटांची रांग लागली तर 'अक्काबाईचा फेरा आला'. दुर्दैवालाही थोरल्या बहिणीच्या नात्याने हाक मारणारी भाषा आपली आहे, याचं मला कौतुक वाटतं.

आता आसरांकडे येऊ. विहिरीच्या, तळ्याच्या किंवा नदीच्या डोहाच्या काठी ओळीने मांडलेले शेंदूर लावलेले सात दगड म्हणजे साती आसरा. या पाण्यातल्या बायका. एकट्यादुकट्याला ओढून नेतात, असं सांगतात. आसरा हा शब्द अप्सरा या शब्दाचाच मराठी अवतार. आज अप्सरा म्हटलं की इंद्राच्या दरबारातली नर्तकी डोळ्यांपुढे येते, पण शब्दातच पाणी आहे: अप् म्हणजे पाणी आणि सर् म्हणजे सरकणं. रामायणाचं बालकांड सांगतं की त्या समुद्रमंथनातून, पाण्यातून निघाल्या, आणि देव किंवा दानव कुणीच त्यांचा बायको म्हणून स्वीकार केला नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात उर्वशी आणि पुरूरवा यांचा संवाद आहे. ती त्याला सोडून गेलीय आणि तो विनवतोय. शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात ही कथा सविस्तर येते. तिला शोधत वेडापिसा झालेला राजा कुरुक्षेत्रातल्या एका कमळांच्या तळ्याकाठी पोचतो तेव्हा अप्सरा पाणपक्ष्यांच्या रूपात पोहत असतात. पाण्याकाठी भान हरपलेला माणूस आणि पाण्यात त्या. डोहाकाठच्या आसरांची गोष्ट दरबारातल्या रंभेपेक्षा या तळ्याच्या जास्त जवळची आहे.

मुलांनी खोल पाण्यात जाऊ नये म्हणून मोठ्यांनी रचलेली भीती, असं आसरांचं स्पष्टीकरण नेहमी दिलं जातं. ते चूक नाही, पण मला अपुरं वाटतं. नुसती भीतीच घालायची तर त्या दगडांना हळदकुंकू, हिरव्या बांगड्या, खणनारळ कशाला? जे पाणी गावाला जगवतं तेच एखाद्या दिवशी गावातलं पोर घेऊन जातं, ही दोन्ही सत्यं एका दगडात मावावी लागतात.

जाखाई, जोखाई, जाखमाता या यक्षी. यक्ष या शब्दाचं प्राकृतात जक्ख झालं आणि मराठीत जाख. यक्ष हे झाडांचे, पाण्याचे, ठेव्यांचे राखणदार. महाभारतात तळ्याकाठी युधिष्ठिराला प्रश्न विचारणारा तो यक्षच. महाराष्ट्रात त्यांची पूजा किती जुनी, ते पितळखोऱ्याच्या लेण्यात सापडलेली एक ठेंगणी, हसरी यक्षमूर्ती सांगते. तिच्या हातावर कोरलंय की ही कण्हदास नावाच्या सोनाराने केली. इसवी सनापूर्वीचा एक सोनार यक्ष घडवतो आणि त्यावर आपलं नाव टाकतो! याच यक्षीची एक वाट जाखाईच्या देवळात गेली आणि दुसरी जाखिणीच्या भुताकडे.

इथे एक सावधगिरी हवी. नाव संस्कृतातून आलं म्हणून देवताही संस्कृत ग्रंथातूनच गावात उतरली, असं होत नाही. पुष्कळदा उलटं झालंय: गावातली देवता आधी, तिला पुराणातलं नाव आणि नातं नंतर. याची कबुली महाभारतच देतं. शल्यपर्वात स्कंदाच्या मातृकांची लांबलचक यादी आहे आणि मग त्या कुठे राहतात ते सांगितलंय: झाडांवर, चव्हाट्यांवर, गुहांत, स्मशानांत, डोंगरातल्या झऱ्यांपाशी. त्यांचे वेश निरनिराळे, भाषा निरनिराळ्या. हे वर्णन कुणा एका देवीचं वाटत नाही. गावोगावच्या सटवाया, आसरा, जाखाया पाहिलेल्या कुणीतरी त्यांची जमेल तेवढी नोंद केली आहे असं वाटतं. तेव्हा 'मूळ कुठलं' या प्रश्नाला बहुतेक वेळा एकच उत्तर नसतं. वाट दोन्हीकडून वाहती आहे.

ती किती वाहती, ते म्हसोबा दाखवतो. म्हसोबा म्हणजे महिष, रेडा. देवीने मारलेला महिषासुर तो हाच, असं इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी मांडलं. त्यांनी पुण्याच्या आसपासची गावं पायी पालथी घालून शेंदूर लावलेल्या देवांची माहिती गोळा केली होती. पुरंदर तालुक्यातल्या वीर गावी म्हस्कोबाची यात्रा भरते, तिथे म्हस्कोबाचं लग्न लागतं आणि नवरी असते जोगूबाई, म्हणजे जोगेश्वरी. तिथले भक्त म्हस्कोबाला भैरवनाथ मानतात, आणि श्रद्धेच्या जागी तेच खरं. पण कोसंबींच्या नजरेने बघितलं तर एका गोष्टीत देवीच्या पायाखाली असलेला दुसऱ्या गोष्टीत तिच्या शेजारी बाशिंग बांधून उभा आहे. दोन समाज जवळ आले की त्यांचे देव आधी भांडतात आणि मग सोयरे होतात, असं ते वाचन. 'सटवीला नव्हता नवरा आणि म्हसोबाला नव्हती बायको' ही म्हण आपण जोडी जमवताना वापरतो. बोलणाऱ्याला ठाऊक नसतं की पुराणातली दोन टोकं तो एका वाक्यात बोहल्यावर चढवतोय.

खंडोबाने मारलेल्या मल्ल नावाच्या दैत्याने मरताना मागितलं की माझं नाव तुझ्या नावाआधी यावं. म्हणून तो मल्हारी, मल्लाचा शत्रू. जेजुरीला भंडारा उधळून 'जय मल्हार' म्हणताना प्रत्येक जण आधी दैत्याचं नाव घेतो. आणि बळी? वामनाने पाताळात घातलेल्या राजाला शेतकऱ्याच्या घरात पाडव्याला ओवाळून म्हटलं जातं, 'इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो'. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी'त बळीची गोष्ट हरलेल्याच्या बाजूने सांगितली आणि ती समाज बदलायचं हत्यार झाली. पात्रं तीच, घटना तीच, सांगणारा कुठे उभा आहे एवढंच बदललं.

गोष्टीची ही ताकद उलटीही चालते, आणि ते दडवून चालणार नाही. वज्रयान बौद्ध परंपरेत डाकिनी ही ज्ञान देणारी, वंदनीय. लोकांच्या तोंडी तिची डाकीण झाली. सातपुड्याच्या काही भागांत 'ही डाकीण आहे' एवढं वाक्य एखाद्या बाईला गावाबाहेर काढायला, मारहाणीला, कधी जीव घ्यायला पुरलं. इथे गोष्ट परक्याला नात्यात आणत नाही, नात्यातल्या बाईला परकी करते. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, आणि करणी करते असा ठपका ठेवून कुणाला छळणं हा त्याखाली गुन्हा आहे. सटवी हा शब्दही बघा. बाळाचं नशीब लिहिणाऱ्या देवीचं नाव बायकांना द्यायची शिवी झालंय. हे शब्द वापरताना जीभ अडखळली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

राहिला वेताळ. कोकणात तो गावाचा राखणदार. रात्री गावाभोवती फिरून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून त्याला नव्या वहाणा वाहतात. ग्रंथांतला वेताळ मात्र प्रेतात शिरून बोलणारा आणि गोष्टी सांगणारा. या वेताळकथा अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने लिहिलेल्या कथासरित्सागरात आहेत, आणि तो सांगतो की आपण गुणाढ्याच्या बृहत्कथेचं सार काढलं आहे. गुणाढ्य हा आपल्या पैठणचा, सातवाहन राजाच्या पदरी असलेला. पैज हरल्यामुळे त्याने संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा सोडल्या, विंध्याच्या रानात गेला आणि तिथे काणभूती नावाच्या, शापाने पिशाच झालेल्या यक्षाकडून कथा ऐकल्या. सात लाख श्लोक त्याने पैशाची भाषेत स्वतःच्या रक्ताने लिहिले. राजाने ते बघून नाक मुरडलं: भाषा पिशाचांची, शाई रक्ताची.

मग गुणाढ्याने एका टेकडीवर अग्नी पेटवला आणि एकेक पान रानातल्या पशुपक्ष्यांना वाचून दाखवून आगीत टाकू लागला. जनावरं चरणं विसरून, भोवती रिंगण धरून, डोळ्यांतून पाणी गाळत ऐकत राहिली. इकडे राजाच्या ताटातलं मांस कोरडं, निःसत्त्व येऊ लागलं. आचाऱ्यांनी शिकाऱ्यांकडे बोट दाखवलं, शिकारी म्हणाले, रानातली जनावरंच वाळली आहेत, ती खात नाहीत, गोष्ट ऐकतात. राजा धावत पोचला तोवर सहा लाख श्लोक जळून गेले होते. एक लाख उरले.

त्या उरलेल्यातल्या वेताळाची गोष्ट संपते तेव्हा प्रसन्न झालेला वेताळ त्या गोष्टीतल्या राजाला वर देतो की या कथा जिथे सांगितल्या जातील तिथे यक्ष, वेताळ, डाकिनी, राक्षस यांची सत्ता चालणार नाही. भुताने स्वतःच सांगितलेला भुतावरचा हा तोडगा: माझी गोष्ट सांगा.

आणि ती ऐकायला कुणीतरी लागतं. आदित्यराणूबाईच्या व्रताच्या कहाणीत बाप लेकीला म्हणतो, माझी कहाणी ऐक. राजाची राणी झालेली ती म्हणते, मला वेळ नाही. तिचं सगळं जातं. पुढे कहाणी ऐकून दिवस पालटतात आणि राजाबरोबर घरी परतताना प्रत्येक मुक्कामाला तीच आता ऐकणारं माणूस शोधू लागते. करा रे हाकारा, पिटा रे डांगोरा, गावात कुणी उपाशी आहे का बघा. मोळीविक्या भेटतो, त्याची मोळी सोन्याची होते. माळ्याच्या कोरड्या विहिरीला पाणी लागतं. म्हातारीची गेलेली मुलं परत येतात. चौथ्या मुक्कामाला मात्र गावात कुणीच सापडत नाही. वाटेवर नुसता एक काणाडोळा, मांसाचा गोळा पडलेला असतो, त्याला हात नाहीत, पाय नाहीत. राणी त्याच्यावर तांब्याभर पाणी घालते. आपल्याजवळचे सहा मोती काढते, तीन त्याच्या बेंबीवर ठेवते, तीन स्वतःच्या हातात धरते आणि त्याच्यापाशी बसून कहाणी सांगू लागते. कहाणी संपते तेव्हा त्याला हातपाय आलेले असतात.